सहावा वाफा

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी झारीतलं पाणी गोठलेलं सापडलं. सुनेने झारी उलटी केली, हलवली. आतून खडखड झाली, थेंब पडला नाही. तिने झारी तशीच ठेवली आणि वाफ्यांकडे वळली.

घराच्या मागे सहा वाफे होते. प्रत्येकात चाळीस, अशी दोनशे चाळीस लिंबाची रोपं, प्रत्येकाला वीतभर नवा फुटवा. पाच वाफ्यांवर पेंढ्याचा जाड थर होता आणि त्या पेंढ्यावर पिठी भुरभुरल्यासारखं पांढरं पडलं होतं. सहावा वाफा मागच्या दारापासून नळाकडे जाणाऱ्या वाटेला लागून. त्याची माती काळी आणि ओली दिसत होती. हे तिने पाहिलं, पण त्या वेळी त्यावर विचार केला नाही. तिने दुसऱ्या वाफ्यातलं एक पान चिमटीत धरलं. पान पापडासारखं मोडलं.

खांबावर कमरेइतक्या उंचीला थर्मामीटर टांगलेला होता. त्यात उणे दीड होतं.

मागचं दार वाजलं. सासरे आले, कानटोपीवर मफलर, पायात मुलाचे जुने बूट. चाळीस वर्षं शहरातल्या मोठ्या बागेत काम करून ते माळ्यांचे मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना मुकादमच म्हणत. बायकोसुद्धा.

"गरम पाणी घालू का?" सुनेने विचारलं.

"चुकूनही नको. हात लावू नकोस. ऊन आपोआप येऊ दे."

"मग करायचं काय?"

"काही नाही. चहा प्यायचा." ते थर्मामीटरपाशी गेले, चष्मा कपाळावर सारून त्यांनी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. "चौदा वर्षांनी पडलं हे हिम. तेव्हा माझे गुलाब वाचले होते."

"कशाने वाचले?"

"ते मला विचारू नकोस. वाचले एवढं खरं."

सून खालच्या मुलखातली. तिच्या माहेरी थंडी म्हणजे दुपारी पंखा बंद करायचा महिना. तिचे वडील रोपवाटिका चालवायचे. पाऊस संपला की माती खुरपून भुसभुशीत करायची, वर पेंढा अंथरायचा, म्हणजे ओल उडत नाही, हे ती त्यांच्या हाताखाली शिकलेली. दहा दिवसांपूर्वी तिने इथे तेच केलं. दोन दिवस ती गुडघ्यांवर होती. मुकादमांनी खुर्ची टाकून ते पाहिलं आणि म्हणाले होते, "वा, गादी घातलीस पोरांना. उबेत झोपतील." चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला 'वा' म्हटल्याचं सासूला आठवत नव्हतं. तिने तसं बोलूनही दाखवलं होतं.

पेंढा पाच वाफ्यांना पुरला. सहाव्याला उरला नाही. त्यातून तो वाटेवरचा. सासू दिवसातून दहा वेळा बादल्या घेऊन त्याच्या कडेने जायची, निम्मं पाणी हिंदकळून वाफ्यात, आणि कधी पाय चुकला की रोपांच्या ओळींमधूनच. माती फरशीसारखी घट्ट झालेली. रोपं बघायला कुणी आलं की सून त्या बाजूला उभी राहायची, म्हणजे तो वाफा झाकला जाईल.

ही रोपं विकायची नव्हती. माहेरी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं लिंबाचं एक झाड होतं, पातळ सालीचं, बाराही महिने फळ देणारं. पावसाळ्यात कालवा रुंद करताना ते तोडलं गेलं. तोडायच्या आदल्या दिवशी तिच्या धाकट्या भावाने त्या झाडाच्या कलमाला चालतील अशा सगळ्या काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि बसने वर पाठवल्या. तिने तीन दिवसांत एकेक डोळा काढून जंगली लिंबाच्या खुंटांच्या सालीत बसवला, वर प्लास्टिकची पट्टी बांधली. दोनशे चाळीस डोळे धरले. ते झाड आता दुसरीकडे कुठेही नव्हतं.

*

साडेआठपर्यंत ऊन वाफ्यांवर आलं. अकराला पानं काळपट पडायला लागली. बारा वाजता पाच वाफ्यांतली पानं उकडल्यासारखी लोंबत होती.

कुंपणापलीकडे कोबीवाला आपल्या शेतात वाकला होता. त्याने मान वर केली.

"काय मुकादम, तुमची लिंबं नाराज दिसतात."

"तुझा कोबी कसा आहे?"

"खूश आहे. थंडीचा एक चटका बसला की गोड होतो. मी तर म्हणतो, आणखी दोन दिवस पडू दे."

"तुझ्या तोंडाला कुलूप घाल."

"रेडिओवाल्याच्या तोंडाला घाला. आज रात्री आणखी खाली जाणार म्हणतोय. उद्याही."

सुनेने हे ऐकलं. ती सहाव्या वाफ्याशी उकिडवी बसली होती. तिथली पानं कडांना जराशी वळली होती, बाकी हिरवी होती. तिने चाळीस रोपं मोजून पाहिली, मग पहिल्या वाफ्याशी गेली, परत आली.

"बाबा, हा एकच वाफा नीट आहे."

"घराची ऊब लागली असेल."

"घराच्या भिंतीला पहिला वाफा आहे. तो सगळ्यात जास्त काळा पडलाय."

मुकादम पहिल्या वाफ्याशी जाऊन बघून आले.

तिने खांबावरचा थर्मामीटर सोडवला. तिसऱ्या वाफ्याच्या एका कोपऱ्यावर अजून सावली होती. तिथे तिने तो आधी पेंढ्यावर ठेवला, मनात तीनशे मोजले, आकडा वाचला. मग पेंढ्याखाली मातीला लावून ठेवला आणि पुन्हा तीनशे मोजले. वर चार होतं. खाली दहा.

तिने पेंढ्याखाली हात घातला आणि तसाच राहू दिला. माती कोमट लागत होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

"पांढरं पेंढ्यावर पडलं होतं," ती म्हणाली. "सहाव्यात मातीवर नव्हतं पडलं. मी सकाळी बघितलं."

"बरं मग?"

"मातीत दिवसाची ऊब आहे. ती वर यायला पाहिजे, पानांपर्यंत. मी तिच्यावर झाकण घातलं."

"मग पेंढा कमी पडला असं म्हण. आणखी घालू. पानांपर्यंत घालू."

"बाबा, जिथे मुळीच नाही तिथली रोपं वाचलीत."

"एका वाफ्यावरून बोलतेस. मी चाळीस वर्षं बाग सांभाळली."

"बागेत गवत होतं आणि रोज पाणी होतं. माती चालून चालून घट्ट. तुमचे गुलाब कशाने वाचले ते तुम्हीच म्हणालात, माहीत नाही म्हणून."

मुकादमांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. सासू दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने ताटावरून नजर न काढता म्हटलं, "म्हणजे मी जे तुडवून ठेवलं, ते चांगलं निघालं तर. एवढे दिवस माझ्या पायांना नावं ठेवत होतात."

*

एक वाजता भावाचा फोन आला. तो मंगळवारी एक वाजता करायचाच, जेवणाच्या सुट्टीत. सुनेने तो दोनदा वाजू दिला आणि मग घेतला.

"ताई, थंडी म्हणे फार आहे वरती?"

"झारी गोठली."

"काय सांगतेस. इथे दुपारी पंखा लागतोय. कोथिंबीर पेरून महिना झाला नाही तोच फुलावर आली, जुडी बांधायला पान नाही. कोबीचा गड्डा धरत नाही. आई रोज आभाळाकडे बघून शिव्या घालते."

"आमच्या शेजाऱ्याला सांगते. त्याचा कोबी गोड झालाय."

"रोपं कशी आहेत?"

सुनेने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"पाच वाफ्यांची पानं गेली. सहावा ठीक आहे."

तिकडे मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"गेली म्हणजे मेली?"

"पानं गेली. डोळे गेले की नाही ते आज कळत नाही. साल खरवडून बघावी लागेल. आत हिरवं असलं तर आहे."

"मग बघ ना."

"उद्या बघेन. आज रात्री परत पडणार आहे. मेलेली साल तपकिरी पडायला दिवस जातो, आज खरवडून उगाच जखम होईल."

"आईला काय सांगू?"

"जेवढं मी सांगितलं तेवढंच. कमी नको, जास्त नको."

"ती विचारेल, पेंढा घातला होता का म्हणून."

"सांग, घातला होता. त्यानेच घात केला असं मला वाटतंय. आज काढतेय."

"बाबा असते तर..."

"बाबांकडे कधी झारी गोठली नाही रे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते मी इथे आणून केलं, हे चुकलं."

तिने फोन ठेवला, पदर खोचला आणि पेंढा ओढायचं दाताळं घ्यायला गेली.

*

दीड वाजता काम सुरू झालं. ओली, दाबलेली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री वर सोडते. सूर्य डोंगराआड जायच्या आत माती भिजायला हवी होती आणि भिजलेल्या मातीला निदान दोन तास ऊन मिळायला हवं होतं. म्हणजे साडेतीनच्या आत सगळं. तिने हे मोठ्याने सांगितलं, कुणाला उद्देशून नाही.

मुकादम खुर्ची उचलून तिसऱ्या वाफ्याशी गेले आणि बसले.

"हा माझा," ते म्हणाले. "याला हात लावायचा नाही. उलट याचा पेंढा जाड करा. बघू."

"बाबा, चाळीस रोपं आहेत त्यात."

"असू देत. तुझ्याकडे दोनशे आहेत."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. घर त्यांचं, जमीन त्यांची, नळही त्यांनीच घेतलेला. रोपं तेवढी तिची. तिने दुसऱ्या वाफ्यातून ओढलेला पेंढा काखेत भरून आणला आणि त्यांच्या वाफ्यावर टाकला. त्यांनी तो काठीने सारखा केला. वाकणं त्यांना जमत नव्हतं. एका रोपाच्या बुंध्याशी पेंढा अडकला तेव्हा त्यांनी दोनदा काठीने प्रयत्न केला आणि मग बायकोला हाक मारली. सासू आली, तिने तो दोन बोटांनी सोडवला आणि परत गेली. मुकादम कुंपणाकडे बघत राहिले.

पेंढा खाली ओला आणि जड झाला होता. दाताळं रोपांत चालवता येत नव्हतं, म्हणून कडेचा दाताळ्याने आणि मधला हाताने. सुनेच्या बोटांच्या पेरांना आधीच भेगा पडल्या होत्या. त्यात पेंढ्याची कुसळं शिरत होती. ती प्रत्येक ओळीच्या शेवटी हात काखेत दाबून धरायची आणि दहा मोजून पुढच्या ओळीला लागायची.

अडीचला नवरा आला. तो शाळेची बस चालवायचा. गणवेशाचा शर्ट अंगात तसाच होता.

"पेंढा काढतेस?"

"हो."

"दहा दिवसांपूर्वी मी तो सायकलवरून सहा खेपा करून आणला."

"माहीत आहे. आता पाइप धर."

"आधी चहा तरी..."

"साडेतीननंतर."

त्याने वडिलांकडे पाहिलं. मुकादम म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. मी आज एका वाफ्याचा मुकादम आहे."

नवऱ्याने पाइप ओढला. पाणी इतकं गार होतं की दहा मिनिटांत त्याचा अंगठा बधिर झाला, मग तो हात बदलत राहिला. सून मागून पायाने माती दाबत येत होती, रोपाच्या दोन्ही बाजूंना, टाच आधी, मग पंजा. चिखल घोट्यापर्यंत. सासू साडी खोचून चौथ्या वाफ्यात उतरली.

"आई, तुम्ही राहू द्या."

"का? सहावा मीच केला ना? मग बाकीचे पण नीट होऊ देत. वजन लागतं याला, तुझ्यासारख्या काडीचं काम नाही."

कोबीवाला कुंपणाला हात टेकून उभा होता.

"काल पेंढा घालायचा, आज काढायचा, वर नाचायचं. उद्या काय आहे?"

"उद्या तुझ्याकडे येते," सासू म्हणाली. "तुझ्या कोबीवर."

तो हसत निघून गेला. जरा वेळाने परत आला आणि कुंपणावरून बांबूच्या काठ्यांचा एक भारा आत टाकला.

साडेतीनला चार वाफे भिजले होते आणि पाचव्याला जेमतेम तासभर ऊन मिळणार होतं. सून चिखलातून बाहेर आली तेव्हा तिला पायांची बोटं जाणवत नव्हती. तिने ती हातांनी एकेक मोजून पाहिली.

ऊन गेल्यावर त्यांनी काठ्या रोवल्या आणि घरातल्या चादरी त्यांवर ताणल्या, पानांना टेकणार नाहीत अशा, कडा जमिनीपर्यंत. आठ चादरी, टेबलावरची दोन कापडं. नवऱ्याने शेवटची आणली आणि हातात धरूनच थांबला.

"ही माझ्या अंगावरची आहे."

"मग?"

"मग मी काय घेऊ?"

"पेंढा घे," मुकादम म्हणाले. "उबेत झोपशील."

एक जण हसला की सगळे हसणार होते. सुनेला हसू आलं आणि मग सगळे हसले, मुकादम सोडून.

"तुमच्या वाफ्याला एक देऊ?" तिने विचारलं.

"नको. हिशेब बिघडेल. तुझं तू कर, माझं मी करतो."

*

बुधवारी सकाळी सहाला पाच कमी असताना सून बाहेर आली. मुकादम आधीच तिसऱ्या वाफ्याशी खुर्चीवर बसले होते. खांबावर थर्मामीटर नव्हता; तो त्यांच्या हातात होता.

"खांबावर किती होतं?"

"उणे अडीच."

चादरी पत्र्यासारख्या ताठ झाल्या होत्या. तिने पहिल्या वाफ्याची कड उचलली. माती काळी, ओली. वर कुठेही पांढरं नव्हतं. कड खाली सोडताना चादर मोडल्यासारखी वाजली.

तिसऱ्या वाफ्याचा पेंढा अख्खाच्या अख्खा पांढरा होता. वर निघालेली रोपंही पांढरी होती.

मुकादमांनी काठी टेकवून कंबर वाकवली. अर्ध्यावर थांबले. सून पुढे झाली, त्यांनी हाताने थांबवलं. पुन्हा वाकले आणि थर्मामीटर पेंढ्यावर ठेवला. दोघं थांबली. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मग त्यांनी तो उचलला आणि सकाळी माळ्यांची हजेरी घेत असत त्या आवाजात वाचला.

"वर उणे चार."

मग पेंढ्याखाली सरकवला. पुन्हा थांबणं.

"खाली आठ."

"तुझ्या वाफ्यात बघ," ते म्हणाले आणि थर्मामीटर तिच्या हातात दिला.

तिने चौथ्या वाफ्याच्या चादरीखाली हात घातला, रोपांच्या पानांच्या उंचीला थर्मामीटर धरला आणि तीनशे मोजले. अर्ध्यावर सासू दारात येऊन उभी राहिली.

"एक," सून म्हणाली. "शून्याच्या वर एक."

मुकादमांनी तो आकडा स्वतः वाचून पाहिला.

"आत ऊब आहे," ते आपल्या वाफ्याकडे बघत म्हणाले. "भरपूर आहे. पण रोपं बाहेर आहेत." मग म्हणाले, "तुला मी वा म्हटलं होतं त्या पेंढ्यावर. ते नव्हतं म्हणायचं."

"ते राहू द्या बाबा. चहा घ्या."

"तू घे. मी बसतो."

*

साडेआठला ऊन वाफ्यांवर आलं आणि चादरी थेंब गाळायला लागल्या. सुनेने अंगठ्याचं नख दगडावर घासून धार केली. प्रत्येक खरवडा म्हणजे एक जखम, म्हणून सगळी रोपं बघायची नव्हती. दर चौथं बघायचं, एका वाफ्यात दहा. डोळा बसवलेल्या जागेच्या बोटभर वर, तांदळाच्या दाण्याएवढी साल काढायची. आत हिरवं असलं तर जिवंत. तपकिरी असलं तर गेलं. फिकट, ओलसर, धड ना हे ना ते असलं तर आठ दिवसांनी पुन्हा.

नवरा बसच्या पहिल्या फेरीहून आला होता. तो वहीत लिहीत होता. कोबीवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला.

पहिल्या वाफ्यात सात हिरवी. दुसऱ्यात सात. सुनेने तिसरा मागे ठेवला आणि चौथा, पाचवा केला. तिथेही सात, सात. सहाव्यात दहाच्या दहा.

मग ती तिसऱ्याशी आली. मुकादमांनी खुर्ची मागे घेतली. पहिलं तपकिरी. दुसरं तपकिरी. तिसऱ्याला तिने जरा खाली, डोळ्याच्या अगदी जवळ नख लावलं. तपकिरी. चौथं हिरवं निघालं तेव्हा तिने ते त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा सारून पाहिलं आणि मान हलवली. दहांत तीन हिरवी, पाच तपकिरी, दोघांचं सांगता येत नव्हतं.

"साठातली एकेचाळीस हिरवी," नवरा म्हणाला. "अकरा गेली. आठ माहीत नाही."

"पाचांना परवाच्या रात्रीचा मार आधी बसलेला आहे," सून म्हणाली. "त्यातलं परवाचं किती आणि कालचं किती, हे यातून कळत नाही. तसं लिही."

"असं कोण लिहितं?"

"मी सांगतेय म्हणून लिही."

त्याने लिहिलं.

"भावाला फोन करायचा का?" सासूने विचारलं.

"संध्याकाळी करते. आज रात्री पण पडणार आहे."

"रेडिओ काय म्हणतो?"

"उणे तीन," कोबीवाला कुंपणापलीकडून म्हणाला. "माझा कोबी पण आता पुरे म्हणतोय."

मुकादम खुर्चीवरून उठले. काठी खुर्चीला टेकवली, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने आपल्या वाफ्यातल्या पेंढ्याची मूठ ओढून वाटेवर टाकली. मग दुसरी मूठ. सासू उठायला लागली. सुनेने तिला नजरेनेच बसवलं. मुठीमुठीने काम चाललं होतं. खरवडल्यावर जे पहिलं हिरवं निघालं होतं त्या रोपाशी ते थांबले आणि त्याच्या भोवतीचा पेंढा बोटांनी वेगळा काढला.

"पाणी लावा," ते म्हणाले. "आज उशीर नको. काल पाचव्याला ऊन कमी पडलं."

सून नळाशी गेली. तिने चावी पूर्ण उघडली. काही आलं नाही. टाकीपासून येणारी नळी भिंतीलगत उघडीच होती आणि त्या बाजूला ऊन अजून पोचलं नव्हतं. तिने नळीवर हात ठेवून बाजूबाजूने पुढे सरकवला. गोठलेलं कुठपर्यंत आहे ते हाताला कळत होतं. नवरा कढत पाण्यात भिजवलेली गोणपाटं घेऊन आला. दोघांनी ती नळीला गुंडाळली.

दहाला पाच कमी असताना नळाच्या तोंडातून अंगठ्याएवढा बर्फाचा तुकडा खाली बादलीत पडला. त्याच्या मागून हवा आली, दोनदा, खोकल्यासारखी. पाणी अजून आलेलं नव्हतं.